चाळिशीनंतरचा सॅक्सोफोन

फुंकून वाजवायच्या वाद्यांत सॅक्सोफोनइतकी सोपी सुरुवात फार थोड्या वाद्यांची असते. बासरीतून पहिला स्पष्ट स्वर निघायला कित्येकांना आठवडा लागतो. ट्रंपेटवर ओठ थरथरवण्याची हातोटी येईपर्यंत नुसती हवाच बाहेर पडत राहते. सॅक्सोफोनचं माउथपीस तोंडात धरून फुंकलं, की बहुतेकांना पहिल्याच बैठकीत आवाज मिळतो. बोटांची रचनाही सरळ आहे. या वाद्याची नळी माउथपीसपासून खाली रुंदावत जाते, आणि अशा निमुळत्या नळीचा गुण असा, की डाव्या अंगठ्याने एक की दाबली की त्याच बोटांनी तेच स्वर वरच्या सप्तकात निघतात. क्लॅरिनेटची नळी एकसारख्या जाडीची असते. तिथे हीच युक्ती केली तर स्वर सप्तक ओलांडून पुढच्या पंचमावर जातो, आणि खालच्या-वरच्या स्वरांसाठी निरनिराळी बोटं पाठ करावी लागतात. बेल्जियममधल्या दिनाँ गावी १८१४ मध्ये जन्मलेला अडॉल्फ सॅक्स हा वाद्यं बनवणाऱ्याचा मुलगा आणि स्वतः क्लॅरिनेट वाजवणारा. त्याने १८४६ मध्ये फ्रान्समध्ये ज्या वाद्याचं पेटंट घेतलं, त्यात क्लॅरिनेटसारखं एका रीडचं माउथपीस, निमुळती नळी आणि पितळी अंग या तीन गोष्टी एकत्र आल्या. मोकळ्या मैदानात वाजणाऱ्या लष्करी बँडची गरज तेव्हा त्याच्यासमोर होती.

नोकरी-संसार सांभाळून चाळिशी-पन्नाशीत वाद्य हातात घेणाऱ्याला ही सोपी सुरुवात फार सुखावते. दोन-तीन महिन्यांत ओळखू येण्याजोगं गाणं वाजतं, घरचे कौतुक करतात. मग वर्षभरात अनेकांचं गाडं एका जागी रुततं. वरचे स्वर चिरकतात, अगदी खालचे स्वर एक तर येत नाहीत किंवा घरघरतात, आणि गाणं ओळखू आलं तरी कानाला गोड लागत नाही. अशा वेळी जो तो एकच निष्कर्ष काढतो: लहानपणी शिकायला हवं होतं, आता वय गेलं. माझं म्हणणं असं, की हा निष्कर्ष बव्हंशी चुकीचा आहे. वयाचा तोटा खरा आहे, पण तो इथे नाही. गाडं रुततं ते सराव भलत्याच गोष्टीचा होत असल्यामुळे. प्रौढ शिकणारा बोटांचा सराव करतो, कारण बोटं दिसतात आणि बोटांची प्रगती मोजता येते. सॅक्सोफोनचं खरं शिक्षण मात्र ओठांच्या आत आणि कानात होतं, आणि ते कुणाला दिसत नाही.

हे नुसतं गुरुजनांचं मत नाही, त्याला प्रयोगाचा आधार आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जेर-मिंग चेन, जॉन स्मिथ आणि जो वुल्फ यांनी माउथपीसमध्ये बारीक उपकरणं बसवली आणि वाजवत असताना वादकाच्या तोंडात व घशात कोणते स्वर घुमतात ते मोजलं. त्यांचा निबंध २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्यापलीकडचे अतितार स्वर वाजवताना अनुभवी वादक जीभ आणि घसा अशा बेताने ठेवतात, की तोंडातली पोकळी नेमकी हव्या त्या स्वराजवळ घुमते. हौशी वादकांना हे जुळवता येत नव्हतं, आणि ते स्वरही त्यांच्याकडून निघत नव्हते. बोटं दोघांनाही ठाऊक होती, फरक होता तो तोंडातल्या मोकळ्या जागेचा. हा प्रयोग अतितार स्वरांपुरता आहे, खालच्या दोन सप्तकांत तोंडाचा प्रभाव इतका निर्णायक नसतो, हे सांगायलाच हवं. पण स्वराचा पोत आणि त्याचा नेमकेपणा खालीही ओठांची पकड, जिभेची ठेवण आणि श्वासाचा दाब यांवरच ठरतो. पितळी नळीला पक्के सूर ठोकून दिलेले नसतात. एकच की दाबून ठेवून ओठ सैल केले तर स्वर उतरतो, आवळले तर चढतो. हार्मोनियमवर पट्टी दाबली की सूर मिळतो. सॅक्सोफोनवर की दाबल्यावर सुराच्या आसपासचा प्रदेश मिळतो, सूर वादकाने शोधायचा असतो.

हे शिकायचं कसं, याचं जुनं उत्तर एका व्यायामात आहे, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. वाद्याच्या सगळ्या कळा बंद केल्या की सर्वांत खालचा स्वर निघतो. अल्टो सॅक्सोफोनवर तो आपल्या हिशेबाने काळी एक. हा स्वर मोकळेपणी धरायचा, आणि मग एकही बोट न हलवता, फक्त जीभ, घसा आणि श्वास बदलून वरचा षड्ज काढायचा. तो साधला की तसाच त्यावरचा पंचम, मग आणखी वरचा षड्ज, मग गंधार, मग पुन्हा पंचम. नळी तीच, बोटं तीच, आणि स्वर एकामागून एक उमलत जातात. ही निसर्गाने दिलेली स्वरमालिका आहे; तानपुऱ्याच्या खर्जात जो गंधार आपोआप ऐकू येतो, तोच इथे वेगळा काढून वाजवायचा. जर्मनीत जन्मलेल्या सिगुर्ड राशर या वादकाने १९४१ च्या ‘टॉप-टोन्स’ या पुस्तकात याच व्यायामाभोवती अभ्यासक्रम बांधला. नवख्याला पहिले काही आठवडे काहीच निघत नाही, नुसती धडपड होते, आणि मग एक दिवस वरचा षड्ज सुटून येतो. त्या क्षणी जिभेने काय केलं हे शब्दांत सांगता येत नाही, पण तोंडाला ते कळलेलं असतं. त्यानंतर साध्या बोटांनी वाजवलेला मधला स्वरही पूर्वीपेक्षा भरीव येऊ लागतो.

आता वयाच्या आक्षेपाकडे वळू. तो झटकून टाकण्याजोगा नाही. मॉन्ट्रियलमध्ये व्हर्जिनिया पेनह्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयाच्या सातव्या वर्षाआधी शिकायला लागलेले वादक आणि त्यानंतर लागलेले वादक यांची तुलना केली. दोन्ही गटांच्या वादनाची एकूण वर्षं सारखी होती, तरी तालाशी हात नेमका जुळवण्यात लवकर सुरुवात केलेले सरस ठरले. हा अभ्यास २००७ चा. कुठलाही संदर्भ नसताना ऐकलेला स्वर ‘ही पांढरी चार’ असा ओळखण्याची शक्तीही बहुतेक अशांनाच असते, ज्यांचं शिक्षण अगदी कोवळ्या वयात सुरू झालं. हे दोन्ही तोटे मान्य करावेत. पण त्यांचं वजन किती, हेही पाहावं. आपल्याकडची सगळी गायकी षड्ज कुठेही धरून त्याच्या नात्याने बाकीचे स्वर ओळखण्यावर उभी आहे, आणि ही नात्याची ओळख कुठल्याही वयात वाढते. तालातला सूक्ष्म फरक मैफलीच्या व्यासपीठावर महत्त्वाचा ठरेल. रविवारी चार मित्रांबरोबर वाजवणाऱ्याला तो आडवा येत नाही. आणि वर ज्या तोंडातल्या कामाबद्दल बोललो, त्याला लहानपणीच बंद होणारं एखादं दार असतं, असं या अभ्यासांतून निघत नाही.

प्रौढ मेंदू नवं कौशल्य शिकताना बदलतो का, याचाही शोध घेतला गेला आहे. जर्मन संशोधकांनी २००४ मध्ये तरुण प्रौढांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवलं. सुमारे तीन महिन्यांनी त्यांच्या मेंदूच्या चित्रांत एका भागातला करड्या पेशीद्रव्याचा थर वाढलेला दिसला. २००८ मध्ये हाच प्रयोग साठीच्या आसपासच्या माणसांवर झाला. तरुणांच्या मानाने कमी जणांना चेंडू नीट झेलता आले, पण मेंदूतला बदल त्यांच्यातही दिसला. सराव थांबवल्यावर तो दोन्ही वेळा ओसरला. या शेवटच्या गोष्टीकडे वाद्य शिकणाऱ्याने लक्ष द्यावं: वाढ होते, पण ती सरावाच्या आधाराने टिकते. स्मरणशक्ती राहावी किंवा म्हातारपण लांबावं म्हणून वाद्य शिकावं, असा प्रचार हल्ली बराच होतो. साठी ते पंच्याऐंशीच्या लोकांना सहा महिने पियानो शिकवल्यावर काही बौद्धिक चाचण्यांत त्यांची कामगिरी सुधारल्याचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झालाही आहे. तरी औषध म्हणून सॅक्सोफोन घेऊ नये, असं मला वाटतं. औषधाची गोळी बेचव असली तरी गिळता येते. नावडता व्यायाम रोज अर्धा तास कुणी करत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो अधिक अवघड वाटतो. अँडर्स एरिक्सन यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वांत चांगल्या वादकांचा विशीपर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी १०,००० तासांच्या घरात गेला होता. पुढे हा आकडा लोकप्रिय पुस्तकांतून नियमासारखा पसरला. रोज अर्धा तास वाजवणाऱ्याचे वर्षाला सुमारे १८० तास होतात, म्हणजे १०,००० गाठायला ५५ वर्षं. पंचेचाळिशीत सुरुवात करणारा शंभरीला पोचेल. पण हा हिशेब मुळातच आपल्यासाठी नाही. एरिक्सन यांनी जगातल्या उत्तम वादकांच्या रांगेत बसू पाहणाऱ्यांची पाहणी केली होती, वाद्याचा आनंद घेता येण्याची किमान पायरी मोजली नव्हती. शिवाय तासांनीच सगळं ठरतं हेही खरं नाही. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संगीतातल्या कौशल्याच्या फरकांपैकी सुमारे २१ टक्के फरकच हेतुपूर्वक केलेल्या सरावाच्या प्रमाणाने समजावता आला. म्हणजे सराव महत्त्वाचा आहे, पण घड्याळ पाहून त्याची किंमत काढता येत नाही.

मग कशावरून काढायची? इथे टेक्सासमधल्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांचा २००९ चा छोटा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. पियानोच्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्टोतला जेमतेम तीन मात्रागटांचा अवघड तुकडा दिला आणि हवा तितका वेळ सराव करू दिला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तो वाजवून दाखवला. किती वेळ सराव केला किंवा किती वेळा तुकडा वाजवला, याचा दुसऱ्या दिवशीच्या दर्जाशी संबंध आढळला नाही. आदल्या दिवशी चुकीचं किती वेळा वाजलं, याचा मात्र होता. वरच्या क्रमांकाच्या वादकांच्याही चुका झाल्या होत्या, पण चूक झाली की ते तिथेच थांबत, नेमकी जागा शोधत, ती सुटी करून सावकाश वाजवत, आणि बरोबर येईपर्यंत पुढे सरकत नसत. बाकीचे तुकडा पहिल्यापासून पुन्हा वाजवत राहिले, आणि त्याबरोबर चूकही पुन्हा पुन्हा गिरवली गेली. हे पियानोचे विद्यार्थी होते, हौशी सॅक्सोफोनवादक नव्हते, आणि १७ ही संख्या लहान आहे, असा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्त आहे. पण क्लॅरिनेट म्हणजे सॅक्सोफोनचं जवळचं भावंड, आणि २०१६ मध्ये क्रिस्टीन कार्टर आणि जेसिका ग्रान यांनी कॅनडात दहा क्लॅरिनेटवादकांवर केलेला प्रयोग याच दिशेने बोट दाखवतो. एक तुकडा सलग बारा मिनिटं घासण्यापेक्षा तीन-तीन मिनिटं आळीपाळीने वेगवेगळे तुकडे घेतले, तर एकूण वेळ तितकाच असूनही दुसऱ्या दिवशी परीक्षकांना वादन सहसा सरस वाटलं. पुन्हा संख्या लहानच, पण हालचाली शिकण्याच्या इतर प्रयोगांत १९७९ पासून हाच कल दिसत आला आहे.

यात झोपेचाही वाटा आहे. हार्वर्डमध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना बोटांनी टकटक करण्याचा एक क्रम शिकवला. मधे रात्रीची झोप झालेल्यांचा वेग काहीही सराव न करता सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तितकेच तास जागं राहिलेल्यांचा नाही. म्हणून आठवडाभर वाद्य पेटीत ठेवून रविवारी सलग साडेतीन तास वाजवणाऱ्यापेक्षा रोज अर्धा तास वाजवणारा फायद्यात राहतो. दर अर्ध्या तासामागे त्याला एक रात्र मिळते. सॅक्सोफोनच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे: खालचा ओठ आणि गालाचे स्नायू नवख्याचे वीस-पंचवीस मिनिटांत थकतात. थकलेला ओठ रीड चावू लागतो, स्वर चढतो आणि आक्रसतो, आणि त्यापुढे जे वाजतं ते चुकीच्या पकडीचं पाठांतर होतं.

तेव्हा अर्धा तास पुरतो, पण त्याची मांडणी हवी. रीड आधी दोन-तीन मिनिटं तोंडात ओली करावी. ती उंच वाढणाऱ्या पोकळ गवताच्या कांडीची पातळ पट्टी असते, दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागातली कांडी तिच्यासाठी नावाजलेली आहे. कोरडी वाजवली तर ती चिरकते, आणि नवख्याला दोष आपल्या ओठांचा वाटतो. मग नुसतं माउथपीस फुंकून पाहावं. अल्टोच्या माउथपीसमधून साधारण पांढरी सहा निघायला हवी. त्याहून बराच वरचा सूर येत असेल तर ओठ फार आवळलेले आहेत. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि आत काय चाललं आहे हे दुसऱ्या कुठल्याही उपायाने इतकं चटकन कळत नाही. त्यानंतर दहा मिनिटं लांब स्वर, वर सांगितलेल्या षड्ज-पंचमाच्या व्यायामासह. पुढची दहा-बारा मिनिटं दोन किंवा तीन अवघड जागा आळीपाळीने, चुकल्या ठिकाणी थांबत. उरलेल्या वेळात एक गाणं सलग वाजवावं आणि फोनवर ध्वनिमुद्रित करावं. वाजवताना स्वतःच्या कवटीतून ऐकू येणारा आवाज समोरच्याला ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा निराळा असतो, म्हणून ध्वनिमुद्रणावाचून कानाचं शिक्षण अपुरं राहतं.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत मनापासून घेतला जातो. दिवसभराच्या कामानंतर मिळालेल्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं एकेक स्वर धरून बसण्यात घालवायची, तर संगीत कुठे राहिलं? गाणं वाजवायचं म्हणून वाद्य घेतलं ना? आपल्याकडे गाणं शिकलेल्यांना याचं उत्तर ठाऊक आहे. पहाटे खर्ज भरणारा गायक त्याला संगीताबाहेरची शिक्षा मानत नाही. तानपुरा लावून एक स्वर त्यात विरघळेपर्यंत धरणं, तो किंचित चढला-उतरला की कानाला बोचणं, आणि नेमका लागला की तारांचा आवाज अचानक मोठा वाटणं, हे स्वतःच संगीत आहे. सॅक्सोफोनवर लांब स्वराचा सराव कंटाळवाणा होतो तो ट्यूनरच्या काट्याकडे पाहत केल्यामुळे. काटा डोळ्यांना शिकवतो, कानाला नाही. तानपुऱ्याच्या ॲपवर षड्ज लावून वाजवलं, की कंटाळा बराच कमी होतो. फक्त एक गोष्ट माहीत हवी. अल्टोवर ज्याला ‘सी’ म्हणतात तो स्वर प्रत्यक्षात काळी दोन असतो, टेनर सॅक्सोफोनवर तो काळी पाच. अल्टोच्या ‘सी’ला षड्ज मानायचं तर तानपुरा काळी दोनमध्ये लावावा. हार्मोनियमवाल्याबरोबर पहिल्यांदा वाजवताना जो गोंधळ उडतो, त्याचं मूळ बहुधा इथेच असतं.

की दाबून ठरावीक सूर देणाऱ्या या पाश्चात्त्य वाद्यावर आपलं संगीत वाजेल का, ही शंकाही याच मुद्द्याशी जोडलेली आहे. कद्री गोपालनाथ यांनी ती कर्नाटक संगीतापुरती मिटवली. त्यांचे वडील नागस्वरम वाजवत. म्हैसूर राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकून त्यांनी हे वाद्य धरलं, वर्षानुवर्षं खपून त्यावर गमक आणले, १९९४ मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवलं, आणि २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते पेशेवर होते आणि तरुणपणीच या वाटेला लागले होते, त्यामुळे हौशी माणसाने त्यांच्याशी बरोबरी करण्याचा प्रश्न नाही. पण दोन स्वरांमधल्या जागा या वाद्यात आहेत, आणि कळांइतक्याच त्या ओठ-घशानेही गाठायच्या असतात, हे त्यांच्या वादनाने सिद्ध केलं. हिंदी चित्रपटसंगीत ऐकणाऱ्याला हे वेगळ्या वाटेने ठाऊक असतं. ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आठवून पाहा: स्वर थोडे आहेत, वेग नाही, आणि सगळा परिणाम एकेका स्वराच्या पोतावर आणि त्याच्या वळणावर तोललेला आहे. हौशी वादकाला आवडतं ते बहुतेक वेळा असलंच वादन, आणि तो सराव करतो मात्र बोटांच्या वेगाचा.

घरात आवाज होतो ही अडचण खरी आहे, विशेषतः मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत. ट्रंपेटला म्यूट लावता येतो तसा सॅक्सोफोनच्या तोंडात कापड कोंबून भागत नाही, कारण इथे आवाज जागोजागच्या उघड्या छिद्रांतून बाहेर पडतो. कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे तोंड करून वाजवलं तर काहीसा फरक पडतो. शेजाऱ्यांशी बोलून ठरवलेली संध्याकाळची वेळ त्याहून जास्त उपयोगी. हेडफोन लावून वाजवता येणारे इलेक्ट्रॉनिक सॅक्सोफोन मिळतात, आणि बोटं पाठ करायला ते चांगले आहेत. पण त्यांत स्वर यंत्र घडवतं, ओठांना काही शिकायला मिळत नाही. त्यामुळे आठवड्यातले काही दिवस तरी खरं वाद्य हवंच. शिक्षकाची गरजही याच कारणाने आहे. बोटं व्हिडिओ पाहून शिकता येतात. तोंडाच्या आतलं शिक्षकालाही दिसत नाही, पण तो स्वर ऐकून सांगतो की जीभ खाली पडली आहे किंवा हनुवटी गोळा झाली आहे. दर आठवड्याला परवडत नसेल तर महिन्यातून एकदा जावं, पण अजिबात न जाणं महागात पडतं.

शेवटचा आक्षेप हेतूचा: उत्तम होणारच नसू तर एवढा खटाटोप कशासाठी? या वाद्याच्या इतिहासात त्याला एक ठोस उत्तर आहे. एलीस हॉल या १८५३ मध्ये जन्मलेल्या अमेरिकन बाईंनी चाळिशी उलटल्यावर सॅक्सोफोन हाती घेतला. पुढे त्यांना ऐकूही कमी येत गेलं. बोस्टनच्या सिम्फनी वाद्यवृंदातले ओबोवादक जॉर्ज लाँजी यांच्याकडे त्या शिकल्या, हौशी वादकांचा ऑर्केस्ट्रल क्लब त्यांनी चालवला, आणि वाद्यवृंदासह सॅक्सोफोनने वाजवाव्यात अशा रचनाच फारशा नाहीत हे पाहून फ्रेंच संगीतकारांना पैसे देऊन त्या लिहून घेतल्या. व्हँसाँ दँदी यांनी १९०३ मध्ये त्यांच्यासाठी लिहिलं, फ्लोराँ श्मिट आणि आंद्रे काप्ले यांनीही लिहिलं. क्लोद देब्युसी यांनी पैसे घेऊन काम वर्षानुवर्षं रखडवलं. बाईमाणसाने असलं बोजड वाद्य वाजवावं हेच त्यांना हास्यास्पद वाटत होतं. त्यांची ‘रॅप्सडी’ दुसऱ्या हाताने पूर्ण होऊन १९१९ मध्ये पॅरिसला वाजली, तेव्हा देब्युसी हयात नव्हते. आज जगभरच्या सॅक्सोफोन विद्यार्थ्यांना या रचना शिकाव्या लागतात. हॉल श्रीमंत होत्या, आपल्याला संगीतकार कुठून परवडणार, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण पैशाने त्यांना स्वरलिपी मिळाली, स्वर नाही. आणि त्यांच्या उदाहरणातला सर्वांना घेता येण्याजोगा भाग वेगळाच आहे: वाजवायला जागा आणि सोबत त्यांनी स्वतः उभी केली.

ती सोबत आपल्याकडे शोधली तर सापडते. गोव्याच्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी वाचणारे वादक घडवले आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद त्यांच्यावर चालले. वसईच्या ख्रिस्ती लग्नांत आणि महाराष्ट्रभरच्या लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन आजही दिसतो. हौशी वाद्यवृंद आणि कराओके मंडळंही मोठ्या शहरांत आहेत. अशा कुठल्याही मेळात दुसऱ्या किंवा तिसऱ्या सॅक्सोफोनच्या वाट्याला येणारं काम पाहिलं, की सरावाबद्दलचं वरचं सगळं म्हणणं व्यवहारात उतरतं. मुख्य सूर पहिला वादक वाजवतो. दुसऱ्याला दोन-दोन, चार-चार मात्रांचे लांब स्वर धरायचे असतात, बोटांना फारसं काम नसतं, आणि शेजारच्याच्या सुरात आपला सूर मिसळला पाहिजे एवढीच अट असते. वर्षभर लांब स्वर घोटलेला माणूस ही अट पुरी करू शकतो, मग त्याची बोटं अजून मंद असली तरी चालतात.